विहीर कुणाच्या नावावर?

घर गमावलेल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न कोकणात निघतो तो बहुधा जुलैत. दरड कोसळते, बातम्या येतात आणि चहाच्या टपरीपासून मुंबईच्या लोकलपर्यंत सगळीकडे वाद जुंपतो. त्याच सुमारास कुठल्या तरी देशातल्या निर्वासितांची बातमी येऊन पडली, तर बघायलाच नको. एक पक्ष म्हणतो, आधी दरडीखाली गाडलेलं तळिये बघा, इर्शाळवाडी बघा, परक्यांचं नंतर. दुसरा पक्ष माणुसकीचा दाखला देतो, पारशांच्या गोष्टीतल्या संजाणच्या दुधात आणखी एक चमचा साखर ढवळतो आणि समोरच्याला निर्दय ठरवून मोकळा होतो. दोघांचाही हिशोब शिध्याच्या पिशव्यांचा आहे. पिशव्या मोजक्या, तेव्हा याला दिली की त्याला नाही. उठून आलेल्या माणसांची वसाहत टिकते कशी आणि मोडते कशामुळे, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

ती माणसं आपली आहेत की परकी, यावर वसाहत टिकणं-न टिकणं अवलंबून नसतं. ज्या गावाच्या कुशीत ती बसवली, त्या गावाच्या पदरात त्या कामातून काही पडलं का? आणि चौथ्या वर्षी पंप जळाला तर तो कुणी, कुठल्या पैशातून भरून आणायचा, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलं होतं का? सगळं या दोन गोष्टींवर येऊन ठेपतं. दक्षिण सुदानमधून युगांडात आलेल्या निर्वासितांना हे जेवढं लागू आहे, तेवढंच महाड तालुक्यातल्या दरडग्रस्तांनाही.

संजाणच्या राजाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं दाखवलं आणि पारशांनी त्यात साखर विरघळवली, ही गोष्ट गोड आहे, पण तिच्यातून फार काही हाती लागत नाही. जमीन कुणी दिली, पहिल्या पावसाळ्यात ती माणसं काय खात होती, पाणी कुठून भरत होती, याविषयी ती गप्प आहे. त्यापेक्षा अलिबागजवळचं नवगाव जास्त उपयोगी पडतं. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले. त्यांनी तेलाचा घाणा धरला. तेल प्रत्येक चुलीला आणि प्रत्येक दिव्याला लागतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून गावालाच त्यांची गरज. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं अजूनही त्या गावांची आठवण ठेवून आहेत. दुसरं उदाहरण गोव्याचं. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झालं आणि त्या काळात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. लोकांनी नुसत्या मूर्ती हलवल्या नाहीत. महाजन, पुजारी, उत्सवाची पाळी, हिशोबाची वही, सगळं खाडीपलीकडे नेलं. घरदार सुटलं तरी निर्णय घेणारी मंडळी एकत्र राहिली. आजच्या पुनर्वसनात आपण नेमकं उलट करतो. घर देतो आणि गावकी मोडतो.

आधुनिक काळातला सर्वात मोठा धडा तर कोकण विभागातच, ठाणे जिल्ह्यात आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. तात्पुरत्या छावणीचं शहर झालं, तरी लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. हे शहर उभं कशामुळे राहिलं? कुणी कायमचं धान्य वाटलं म्हणून नाही. कल्याणचं जंक्शन जवळ होतं, मुंबईची बाजारपेठ तासा-दीड तासावर होती, आणि या माणसांना धंदा करण्याची, फिरण्याची, मालमत्ता घेण्याची मुभा होती. १९५४ च्या कायद्याने निर्वासितांची भरपाई आणि पुनर्वसन यांची घडी घातली. पापड, मिठाई, फर्निचर, मग जीन्स, एकेक धंदा उभा राहिला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा महाराष्ट्रभर झाली. थट्टा होते तीही धंदा दिसतो म्हणून. पण याच शहराने दुसरी बाजूही दाखवली. बराकींवर बराकी चढल्या, गटारं आणि सांडपाणी मात्र मागेच राहिलं. जीन्स धुण्या-रंगवण्याचं पाणी वालधुनीत गेलं आणि वालधुनी नदीचा नाला झाला. रोजगाराला मोकळीक दिली आणि पाण्याची सोय वाऱ्यावर सोडली, तर माणसं वर येतात आणि नदी मरते. ‘टिकाऊ’ हा शब्द आपण हल्ली प्रत्येक फलकावर लिहितो, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

आता ‘आधी आपले’ म्हणणाऱ्यांचा सर्वात बळकट मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट बघतात, त्या गावावर आणखी चाळीस कुटुंबांचं पाणी लादायचं कुठल्या तोंडाने? त्यांचा राग परकेपणाचा नसतो. तो हंड्याचा असतो. मुंबईत बसून त्यांना उदारपणा शिकवणं सोपं आहे. पण याच पक्षाचं ‘जागाच नाही’ हे दुसरं विधान मात्र तपासून घेतलं पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. कुलूपबंद घरं आहेत, पडीक वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे, पट नाही म्हणून बंद व्हायला टेकलेल्या शाळा आहेत. आंब्याच्या बागा राखायला आणि मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात. ती १९५० च्या भारत-नेपाळ कराराच्या आधाराने येतात, निर्वासित म्हणून येत नाहीत, पण बाहेरच्या माणसावाचून इथला हंगाम उभा राहत नाही, हेही तेवढंच खरं. तेव्हा अडचण माणसांच्या गर्दीची नाही. ती सात-बाराची आहे. एका गटावर चाळीस वारस, अर्धे मुंबईला, दोघे वारलेले आणि त्यांची नोंद झालेली नाही. अशी सामाईक जमीन पुनर्वसनासाठी मिळायला वर्षं जातात. मग नजर जाते ती सरकारी किंवा एकाच मालकाच्या जागेकडे, आणि ती बहुधा असते सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर.

सड्यावर पाणी नसतं, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. वर जांभ्याचा थर, तो चाळणीसारखा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, झिरपतो, पायथ्याला झऱ्यांवाटे बाहेर येतो आणि व्हाळाने, म्हणजे ओढ्याने, खाडीला मिळतो. विहिरी म्हणून खाली, जुन्या वाडीत. नवीन घरं वर. पहिल्या उन्हाळ्यात नवीन वाडीची बाई कळशी घेऊन खाली उतरते आणि पहिलं भांडण तिथे होतं. बोअर मारली तर खालच्या काळ्या कातळात पाणी लागेलच याची खात्री नाही, आणि खाडीजवळ उपसा वाढला की पाणी मचूळ होतं. यावर छपराचं पाणी हा निम्मा उपाय आहे, आणि त्याचा हिशोब कुणालाही करता येतो. ३० चौरस मीटर छप्पर, ३ मीटर पाऊस, गळती आणि ओसंडणं यांचे २० टक्के वजा केले तरी वर्षाला ७२ हजार लिटर. आपत्तीतल्या मदतकार्यात स्फिअरचे निकष जगभर वापरतात. त्यांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. आपण २० धरू. पाच माणसांना रोज १०० लिटर, नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २०० दिवस, म्हणजे २० हजार लिटर. ३.६ मीटर व्यासाची आणि २ मीटर उंचीची फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली टाकी एवढं पाणी धरते. ते पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं झालं. धुणं, गुरं, परसबाग यांना दुसरी सोय लागतेच.

मग अशा टाक्या कोरड्या का पडलेल्या दिसतात? कारण त्या मे महिन्यात बांधतात. निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा, काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. फेरोसिमेंटच्या पातळ भिंतीला निदान दहा-बारा दिवस गोणपाट टाकून पाणी मारावं लागतं, आणि मेमध्ये प्यायलाच पाणी नसतं तिथे भिंतीवर कोण मारणार? बारीक भेगा पडतात, ऑक्टोबरात भरलेली टाकी जानेवारीत रिकामी. तेच काम पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतलं तर पाणीही असतं आणि मेस्त्रीही मोकळा असतो. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण पत्र्यावरची धूळ, पक्ष्यांची घाण आणि किनाऱ्याजवळ खारही त्यात उतरतो. झाकण घट्ट नसेल तर टाकी म्हणजे डासांचा कारखाना. वनराई बंधाऱ्याचीही तीच कथा. पोती भरून, तोंडं शिवून, विटांसारखे सांधे मोडत रचायची आणि थरांमध्ये माती दाबायची ती व्हाळ वाहता असताना. डिसेंबरअखेर फोटोसाठी घातलेला बंधारा अडवतो काय?

एवढं करूनही खालच्या वाडीची विहीर लागतेच, आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. नवीन वसाहतीसाठी वेगळी नळयोजना, तिला वेगळी टाकी, वेगळा फलक, ही पद्धत मुळातून चुकीची आहे. शेजारच्या वाडीतून जाणारा पाइप त्या वाडीला थेंब देत नसेल, तर तो एके रात्री फुटतो. फोडणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी त्याच निधीतून आधी जुन्या वाडीची विहीर उपसा, खोल करा, कठडा बांधा, मग दोन्ही वाड्यांना एकाच योजनेतून पाणी द्या. चाळीस घरं, घरटी पाच माणसं, जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने रोज ११ हजार लिटर. ताशी साडेपाच हजार लिटर उचलणारा पंप दोन तास चालला की झालं. जुन्या वाडीची घरं तेवढीच असली तर चार तास. समिती एक, पाणीपट्टीचा दर एक, पाणी सोडणाऱ्याला पगार, आणि पाणीपट्टीतला ठरावीक भाग पंपाच्या दुरुस्तीसाठी बाजूला. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला तीस टक्के वाटा आजूबाजूच्या गावांसाठी ठेवायचं धोरण आहे, ते याच कारणाने. दवाखाना, शाळा, हातपंप दोघांचे. केनियाच्या तुर्काना भागात २०१६ मध्ये कालोबेये वसवताना निर्वासित आणि स्थानिक दोघांनाही धरून आखणी केली. शेजारच्या काकुमा छावणीत १९९२ पासूनचा सरपणावरून आणि पाण्यावरून होणारा तंटा पाहिल्यावर ही अक्कल आली. युगांडा म्हणजे स्वर्ग असं मात्र कुणी समजू नये. तिथे कुटुंबाला मिळणारे तुकडे साधारण ३० बाय ३० मीटरवर आले. एवढ्या जमिनीवर घर, संडास आणि शेती बसवायची तर माती दोन-चार हंगामांत थकते आणि सरपणासाठी रान तुटतं. वाटा दिल्याने भांडण टळतं, जमीन काही वाढत नाही.

संडासाचं थोडक्यात. दोन शोषखड्ड्यांची पद्धत चांगली आहे, पण कातळात खड्डा खणणं महाग म्हणून ठेकेदार दोन फुटांवर थांबतो, आणि चेंबरमधून दोन्ही खड्डे एकदमच चालू ठेवले जातात. मग दोन्ही एकदमच भरतात आणि विश्रांतीला एकही उरत नाही. शिवाय जांभ्याच्या भेगांतून मैला कुठे निघेल सांगता येत नाही, म्हणून विहिरीपासूनचं दहा मीटरचं पुस्तकी अंतर इथे अपुरं आहे. उतार बघूनच जागा ठरवावी.

पोटापाण्याच्या बाबतीत आपल्या कल्पनाशक्तीला शिवणयंत्रापलीकडे जाता येत नाही. चाळीस बायकांना चाळीस शिवणयंत्रं दिली, तर तीनशे घरांच्या पंचक्रोशीत कपडे शिवायला टाकणार कोण? शनिवार तेल्यांचा हिशोब साधा होता: गावाला काय लागतं आणि गावात काय नाही. सड्याच्या कडेला आणि वरकसात काजू येतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं ७ बाय ७ मीटरवर लावली तर हेक्टरी सुमारे दोनशे बसतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बी हाती लागते. रोजगार हमीतून फळबाग लागवड महाराष्ट्रात १९९० पासून होते, म्हणजे खड्डे खणण्याची आणि राखणीची मजुरीही त्यातून बसवता येते. इथेही घोटाळे ठरलेले. पहिले दोन उन्हाळे पाणी मिळालं नाही तर निम्मी कलमं जातात. जोडाखालून फुटणारे धुमारे काढले नाहीत तर कलम मरून खालचा गावठी काजू माजतो आणि हे कळतं चौथ्या वर्षी. मोहोराच्या वेळी ढेकण्या या किडीकडे दुर्लक्ष झालं तर पालवी करपते. आणि डिसेंबरात गवत कापून तीन-चार मीटरची जाळरेषा काढली नाही, तर फेब्रुवारीच्या एका वणव्यात सगळं संपतं. राखण दोन वाड्यांनी वाटून घेतली तरच होते. बायोगॅसचा उत्साहही जरा आवरावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, ते गोठ्यात बांधलेल्या चार-पाच गुरांचं. इथली गुरं लहान आणि दिवसभर रानात मोकळी, आणि दरडीतून निसटलेल्या माणसाकडे ती तरी कुठे उरलेली असतात?

घाईच्या बाजूने जे बोलतात, त्यांचंही ऐकलं पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, त्यानंतर उरलेल्यांना भर पावसात छप्पर हवं होतं. समिती, ठराव आणि सात-बारा यांची वाट बघत कुणी बसणार नव्हतं. त्यांना कंटेनरमध्ये ठेवलं हे योग्यच झालं. पण तात्पुरतं छप्पर आणि कायमचं गाव ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याची घाई दुसऱ्यात शिरली की बिघडतं. कारखान्यातून आलेलं घर महिन्याभरात उभं राहतं, पण त्याला पडवी नसते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं कुठे रचायची? भात कुठे ठेवायचं, गाय कुठे बांधायची? शेत तर जुन्या गावाजवळच राहिलेलं. मग घरातला एक जण शेतावर खोपी घालतो, मग दोघे राहू लागतात, आणि ज्या डोंगराखालून त्यांना हलवलं त्याच डोंगराखाली पुन्हा चूल पेटते. अठरा नागरी सुविधांच्या यादीवर बरोबरच्या खुणा केलेल्या असतात, त्यात स्मशानभूमीही असते. पण आपल्याकडे स्मशानं वाडीची, भावकीची असतात, हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं. नव्या वाडीतलं पहिलं मयत होतं तेव्हा ते कळतं.

उरला कायद्याचा आणि लाचारीचा मुद्दा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे कुणाला ठेवायचं हे दिल्ली ठरवते. ग्रामपंचायतीच्या हातात ते नाही आणि असावं असं मी म्हणत नाही. कोकणात परदेशी निर्वासित आणून बसवा, हेही माझं म्हणणं नाही. पण ज्यांना राहू दिलं, त्यांना हात बांधून ठेवण्यात काय शहाणपण? ‘आज ना उद्या परत जातील’ म्हणून कायमचं काही बांधू नका, हा युक्तिवाद तिबेटी लोक येऊन सहा दशकं झाली तरी केला जातो. त्यांच्यासाठी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने १९६० मध्ये बैलकुप्पेला सुमारे तीन हजार एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि सहकारी सोसायटीतून मक्याची शेती उभी राहिली. फुकट खायची सवय लागते असं म्हणणाऱ्यांनी ती शेती पाहावी. आणि सोसायटी म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळं समजावून सांगायला नको. लाचारी येते ती शिधा मिळतो म्हणून नव्हे, शिध्याशिवाय दुसरं काही करण्याची परवानगी नसते म्हणून. छावणीत राहा पण काम करू नका, असं सांगितलेला माणूस दहा वर्षांनी आळशी दिसला, तर दोष कुणाचा?

नवीन वाडीचं उद्घाटन होतं तेव्हा बहुधा पाऊस नुकताच सरलेला असतो. व्हाळ वाहता, विहीर तुडुंब, पाहुण्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. पाहणी करायचीच असेल तर पाच वर्षांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात जावं. पंपघराची चावी कुणाकडे आहे आणि शेवटची दुरुस्ती कुठल्या पैशातून झाली ते विचारावं. चेंबरचं झाकण उघडून एक खड्डा बंद आहे का ते बघावं. काजूच्या बुंध्याशी जोडाखाली धुमारे आहेत का, तेही बघावं. जुन्या शाळेच्या पटावर नव्या वाडीतली किती मुलं आहेत, आणि शिमग्याला पालखी नव्या वाडीत घरोघर गेली की वेशीवरूनच वळली, याची चौकशी करावी. मग खाली जुन्या वाडीत उतरून, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला विचारावं: ही वरची माणसं आल्यापासून तुमचा रहाट लवकर खडखडतो, की उशिरा?